गतिरोधक तबकडी, वायुवीजित

मोटारगाडीच्या चाकाबरोबर फिरणारी आणि गतिरोधक म्हणजे ब्रेक लावला असता दोन्ही अंगांनी पॅडांमध्ये आवळली जाणारी बिडाची तबकडी भरीव न ठेवता तिच्या जाडीच्या मध्यभागी हवेसाठी आतून बाहेर जाणारे मार्ग ठेवले, म्हणजे तिला वायुवीजित तबकडी असे म्हणतात. वाहनदुरुस्तीच्या धंद्यात तिला ‘डिस्क’ किंवा ‘रोटर’ एवढेच म्हटले जाते. कडेने पाहिले असता ती दोन पातळ वर्तुळाकार चकत्या थोड्या अंतरावर ठेवून मधल्या पात्यांनी एकमेकींस सांधल्यासारखी दिसते. चाक फिरू लागले की, पात्यांमधील हवा बाहेर फेकली जाते, मध्याकडून नवी हवा आत ओढली जाते आणि तबकडी स्वतःच स्वतःचा पंखा बनते. लहान-मोठ्या बहुतेक मोटारगाड्यांच्या पुढील चाकांना आता अशीच तबकडी असते. मागील चाकांचे काम हलके असल्याने तेथे भरीव तबकडी किंवा ड्रम पुष्कळदा पुरतो.

तबकडीत पोकळी आहे म्हणून गाडी लवकर थांबते, अशी एक समजूत आढळते. ती बरोबर नाही. गाडी एकदाच जोराने थांबविताना या पोकळीचा उपयोग जवळजवळ शून्य असतो. तेथे उपयोगी पडते ते धातूचे वस्तुमान. पोकळीचे काम त्यानंतर सुरू होते. तबकडीला प्रथम उष्णतेचा हौद व मग पंखा अशी दोन कामे करावी लागतात. ही दोन्ही कामे आराखड्यात परस्परविरुद्ध मागण्या करतात, कारण हौदासाठी धातू हवा आणि पंख्यासाठी रिकामी जागा हवी. तबकडीच्या अभिकल्पातील बहुतेक निर्णय या ओढाताणीतून निघालेले आहेत.

ऐतिहासिक आढावा : तबकडी आवळून चाक थांबविण्याच्या योजनेचे एकस्व (पेटंट) इंग्लंडमधील अभियंते फ्रेडरिक विल्यम लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये घेतले. त्यांनी पॅडांसाठी तांबे वापरले होते व त्याचा कर्कश आवाज होत असे. पुढील अर्धशतक मोटारींवर ड्रमचेच राज्य होते. ड्रममध्ये पट्टे आतून बाहेर दाबले जातात; त्यामुळे घर्षणाचा पृष्ठभाग झाकलेला राहतो आणि ड्रम तापून प्रसरण पावला की तो पट्ट्यांपासून दूर जातो. चालकाला पेडल अधिकाधिक खोल दाबावे लागते. तबकडीचे दोन्ही घर्षण-पृष्ठ उघडे असतात व ती तापून जाड झाली, तर पॅडांपासून दूर न जाता त्यांच्याकडेच सरकते. फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत १९५३ साली डनलॉप कंपनीचे तबकडी गतिरोधक बसविलेल्या जॅग्वार सी-टाइप मोटारीने विजय मिळविला, तेव्हा हा फरक सर्वांच्या लक्षात आला. सिट्रोएन डीएस या १९५५ सालच्या गाडीपासून मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारींत पुढील चाकांना तबकड्या येऊ लागल्या. गाड्यांचा वेग व वजन वाढत गेले तशी भरीव तबकडी अपुरी पडू लागली. १९६५ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटला चारही चाकांना वायुवीजित तबकड्या होत्या, तर १९६६ मध्ये आलेल्या पोर्श ९११ एस या गाडीतही त्या बसविण्यात आल्या. महागड्या वेगवान गाड्यांतील ही योजना पुढे सामान्य कुटुंबाच्या गाडीत उतरली.

उष्णतेचा हिशेब : प्रवाशांसह १,४०० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी ताशी १०० किमी. वेगाने जात असता तिच्यात सु. ५.४ लाख जूल गतिज ऊर्जा असते. ती गाडी दर सेकंदास ६.४३ मी./से. या दराने वेग कमी करीत थांबविली, तर थांबण्यास सु. ४.३ सेकंद लागतात. म्हणजे सरासरी १२५ किलोवॉट आणि अगदी सुरुवातीच्या क्षणी २५० किलोवॉट एवढ्या शक्तीचे उष्णतेत रूपांतर होते. ज्या गाडीचे एंजिन जेमतेम ६० किलोवॉटचे आहे तिचे गतिरोधक त्याच्या चौपट शक्तीने काम करतात, हे वाचून नवख्या विद्यार्थ्यास आश्चर्य वाटते. परंतु वेग घेण्यास लागणारा वेळ व थांबण्यास लागणारा वेळ यांची तुलना केल्यास त्यात नवल उरत नाही.

थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो. त्यामुळे सु. ७०% काम पुढील दोन चाकांकडे येते व प्रत्येक पुढील तबकडीच्या वाट्यास अंदाजे १.९ लाख जूल उष्णता येते. पॅड उष्णतेचे मंद वाहक असल्याने तिच्यातील फारच थोडा अंश त्यांत शिरतो. तबकडी ६ किग्रॅ. ची व बिडाची विशिष्ट उष्णता दर किग्रॅ. दर अंशास ५०० जूल धरली, तर तबकडीचे सरासरी तापमान एका थांबण्यात ६०° से. च्या आसपास वाढते. या काळात हवा किती उष्णता नेते? घासल्या जाणाऱ्या पृष्ठभागाकडून उष्णता आत शिरण्यास वेळ लागतो; बिडामध्ये ४ सेकंदांत ती साधारणतः ७ ते ८ मिमी. खोल पोहोचते, आणि चकतीची जाडी तेवढीच असते. म्हणजे आतील पोकळीच्या भिंतीस उष्णतेची चाहूल लागते न लागते तोच गाडी थांबलेली असते. चकतीची जाडी ठरविताना हे अंतर लक्षात घ्यावे लागते : चकती याहून फार पातळ केली तर घर्षण-पृष्ठाचे तापमान उसळते, फार जाड केली तर आतील धातू तातडीच्या वेळी कामी न येता नुसते वजन वाढवितो.

खरी परीक्षा पुनःपुन्हा थांबण्यात असते. संयुक्त राष्ट्रांच्या यूरोपीय आर्थिक आयोगाच्या १३-एच या नियमावलीत मोटारगाडीसाठी तापलेल्या गतिरोधकांची एक कसोटी दिलेली आहे. भारतीय मानकांतील कसोटीही याच धर्तीची आहे. गाडीच्या कमाल वेगाच्या ८०%, पण ताशी १२० किमी. हून अधिक नाही, अशा वेगावरून ती निम्म्या वेगावर आणावयाची, पुन्हा वेग घ्यावयाचा व ४५ सेकंदांनी परत गतिरोधक लावावयाचे, असे १५ वेळा करतात. लगेच नंतर गाडी थांबवून पाहतात. थंड अवस्थेत मिळालेल्या क्षमतेच्या निदान ६०% क्षमता तरी तेव्हा शिल्लक असावी लागते. वरील गाडीच्या बाबतीत प्रत्येक खेपेस पुढील तबकडी सु. ६८° से. ने तापते. हवा मुळीच नसती, तर पंधराव्या खेपेस तापमान हजार अंशांवर गेले असते. भोवतालच्या हवेशी असलेल्या फरकाच्या प्रत्येक अंशामागे भरीव तबकडी ७ वॉट व तेवढ्याच वजनाची वायुवीजित तबकडी १२ वॉट उष्णता सोडते असे समजले, तर कसोटीच्या शेवटी पहिली हवेपेक्षा सु. ५४०° से. ने व दुसरी सु. ३८०° से. ने अधिक तापलेली आढळेल. हे आकडे प्रत्येक गाडीनुसार बदलतील, पण दोहोंतील अंतर महत्त्वाचे आहे. पॅडांतील बंधक रेझिने साधारणतः ३५०° ते ४००° से. च्या पुढे विघटित होऊ लागतात, त्यांतून वायू निघतो व घर्षण गुणांक कोसळतो. पेडल पूर्ण दाबले असूनही गाडी थांबत नाही, ती अवस्था हीच.

घाटाचा उतार : शर्यतीच्या मैदानापेक्षा घाटाचा उतार तबकडीस अधिक जाच देतो. वरील गाडी १० किमी. रस्त्यात ५०० मी. खाली उतरली, तर सु. ६९ लाख जूल स्थितिज ऊर्जा गमावते. ताशी १०० किमी. वेगावरून थांबण्यात निघणाऱ्या उष्णतेच्या ही बारापटीहून अधिक आहे. खंडाळ्याहून खोपोलीस उतरणाऱ्या वाहनास साधारणतः एवढीच उंची सोडावी लागते. टायरांचा रोध व वारा यांत तिचा एक-तृतीयांश भाग खर्च होतो असे धरले आणि चालकाने गिअर न बदलता सर्व भार गतिरोधकांवरच टाकला, तर ताशी ५० किमी. वेगाने उतरताना १२ मिनिटे प्रत्येक पुढील तबकडीत सतत २.२ किलोवॉट उष्णता ओतली जाते. एका मोठ्या विजेच्या शेगडीएवढी ही शक्ती आहे. या वेगास दर अंशामागे ७ वॉट शीतन मिळाले, तर पायथ्याशी तबकडी २८०° ते २९०° से. पर्यंत पोहोचलेली असते. ४ वॉटच मिळाले, तर ३७०° से. च्या घरात. दुसऱ्या गिअरात उतरणाऱ्या गाडीत यातील बराच भार एंजिन उचलते व तबकडी कोमट राहते. जुने चालक ज्या गिअरात घाट चढावा त्याच गिअरात उतरावा असे सांगत, त्यामागे हा हिशेब आहे.

यात एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. घाट उतरून गाडी चहासाठी थांबविली की, तबकडी फिरावयाची थांबते व तिचा पंखाही बंद पडतो. साठलेली उष्णता मग पॅडांतून व दट्ट्यातून कॅलिपरमधील द्रवाकडे सरकू लागते. गतिरोधकांतील ग्लायकॉलयुक्त द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. डॉट ४ या प्रतीच्या ताज्या द्रवाचा उकळबिंदू निदान २३०° से. असावा लागतो, पण ३.७% पाणी शोषलेल्या अवस्थेत तो १५५° से. असला तरी मानकास चालतो. द्रव उकळला म्हणजे नळीत बाष्पाचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, बाष्प मात्र दाबले जाते. उतारावर व्यवस्थित चाललेले पेडल चहा पिऊन परतल्यावर तळापर्यंत जाते, ते यामुळे. थांबण्यापूर्वी दोन-तीन किमी. सपाटीवर गतिरोधक फारसे न लावता गाडी चालविली, तर तबकडीचा पंखा हे संकट बहुतांशी टाळतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक या ४,३०० मी. उंच शिखरावरून उतरणाऱ्या वाहनांच्या गतिरोधकांचे तापमान वाटेतील नाक्यावर मोजतात आणि फार तापलेली वाहने थांबवून ठेवतात. तेथे आणखी एक अडचण असते. शिखरावर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडी कमी असते, त्यामुळे पंखा तितक्याच वेगाने फिरूनही कमी हवा फेकतो.

हवेचा प्रवाह : वायुवीजित तबकडी हा तत्त्वतः केंद्रोत्सारी पंप आहे, मात्र पंप म्हणून तो फारच दुबळा आहे. ताशी १०० किमी. वेगास ३० सेंमी. त्रिज्येचे चाक मिनिटास सु. ८८० फेरे घेते. पोकळीचे तोंड ९ सेंमी. व बाहेरची कड १४ सेंमी. त्रिज्येवर असेल, तर या फिरण्याने निर्माण होणारा दाबातील फरक सु. ६० पास्काल, म्हणजे ६ मिमी. उंचीच्या पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. ताशी ५० किमी. वेगास तो एक-चतुर्थांश, जेमतेम दीड मिमी. राहतो. एवढ्याशा दाबावर हवा हलवावयाची असल्याने वाटेतील प्रत्येक अडथळा महाग पडतो : ओतकामात राहिलेली खरबरीत वाळू, पोकळीच्या तोंडाची धारदार कड, साचलेला चिखल, जवळ आलेला धूळरोधक पत्रा. पोकळीतून दर सेकंदास ४ मी. या अरीय वेगाने हवा गेली, तर वरील मापांच्या तबकडीतून दर सेकंदास अंदाजे १४ लिटर हवा वाहते आणि ती ८०° से. ने तापून बाहेर पडल्यास सु. १.४ किलोवॉट उष्णता घेऊन जाते.

हवेस उष्णता देण्यासाठी पृष्ठभाग लागतो. पोकळीच्या दोन भिंती व पात्यांच्या बाजू मिळून तबकडीचा एकूण पृष्ठभाग भरीव तबकडीच्या दुपटीहून अधिक होतो. मग पाती वाढवीत का जाऊ नये? पाती वाढली की पोकळीच्या तोंडाशी, जेथे परिघ सर्वांत लहान असतो तेथे, दाटी होते व हवाच आत शिरत नाही. म्हणून सामान्य तबकडीत ३० ते ४० पाती ठेवतात. काही आराखड्यांत एकाआड एक पाते आखूड करून तोंड मोकळे ठेवण्यात येते. दोन चकत्यांमधील अंतर ८ ते १० मिमी. असते. ते वाढविल्यास हवा अधिक जाते, परंतु मध्यभागातील हवा भिंतीस न शिवताच निघून जाते व तबकडी विनाकारण जाड होते.

पाती सरळ अरीय ठेवणे ही सर्वांत सोपी योजना होय. अशी तबकडी डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंस चालते, एकच साचा पुरतो, आणि म्हणून बहुसंख्य गाड्यांत ती आढळते. तिचा दोष पोकळीच्या तोंडाशी दिसतो. आत येणारी हवा फिरत नसते, पात्याचे टोक मात्र त्या ठिकाणी ताशी १०० किमी. वेगास दर सेकंदास ८ मी. हून अधिक वेगाने आडवे जात असते. पात्याच्या दृष्टीने हवा समोरून न येता तिरपी आदळते, पात्याच्या मागील अंगापासून प्रवाह सुटतो व तेथे भोवरा साचून मार्गाची बरीचशी रुंदी वाया जाते. पाती वक्र करून त्यांची आतील टोके येणाऱ्या हवेस सामोरी केली की हा भोवरा आकसतो. अशा तबकडीत पात्यांची बाहेरची टोके फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली असावी लागतात. पाहणाऱ्यास हे नेमके उलटे वाटते. पात्यांनी फावड्यासारखी हवा पुढे खेचून घ्यावी अशी कल्पना करून डावी तबकडी उजवीकडे बसविल्याची उदाहरणे गॅरेजांत पुष्कळ सापडतात. तबकडीवर दिलेली बाणाची खूण पाहणे हा त्यावर साधा उपाय आहे. वक्र पात्यांचा दुसरा लाभ यांत्रिक आहे : सरळ पात्यांच्या मधोमध अरीय चीर पडल्यास तिला कडेपर्यंत आडकाठी नसते, वक्र पाते तिच्या वाटेत आडवे येते.

तिसऱ्या प्रकारात सलग पात्यांऐवजी गोल, चौकट वा अश्रूच्या आकाराचे लहान स्तंभ अनेक वर्तुळांत ठेवतात. स्तंभांभोवती हवा घुसळली जाते, भिंतीलगतचा गरम हवेचा पातळ थर मोडतो व उष्णता चांगली उचलली जाते. स्तंभांची तबकडी दोन्ही दिशांना सारखीच काम करते आणि चिरांना अधिक दाद देत नाही. पंखा म्हणून ती वक्र पात्यांच्या तबकडीहून कमी प्रतीची असली, तरी एकूण हिशेबात प्रस्तुत लेखकास ती अधिक समंजस योजना वाटते.

हवेखेरीज आणखी दोन मार्गांनी उष्णता बाहेर पडते. संवहनाने ती तुंब्याकडे जाते. ही वाट मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, कारण तिच्या शेवटी चाकाचे बेअरिंग व त्यातील वंगण असते. प्रारणाचा वाटा कमी तापमानास नगण्य असतो, पण तो निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताने वाढतो. वरील तबकडीच्या दोन्ही बाह्य पृष्ठांची उत्सर्जनक्षमता निम्मी धरल्यास २००° से. ला त्यांच्याकडून १०० वॉटहून कमी, तर ६००° से. ला सु. १.२ किलोवॉट प्रारण होते. लाल दिसू लागलेली तबकडी अशा रीतीने स्वतःला सावरते खरी, मात्र ते प्रारण रिम, टायर व रबरी वलये यांवरच पडते.

टोपी व शंकुविकृती : घर्षण होणारा भाग तुंब्यास जोडण्यासाठी मध्ये टोपीसारखा उंचवटा असतो. ही टोपी दोनपैकी एकाच चकतीस जोडलेली असते. कोणत्या चकतीस जोडावयाची यावर हवा कोठून येणार हे ठरते : बाहेरच्या चकतीस जोडल्यास पोकळीचे तोंड गाडीच्या आतील बाजूस उघडते, आतील चकतीस जोडल्यास चाकाच्या बाजूस. यात केवळ हवेचाच विचार करून भागत नाही. तबकडीचे घर्षण-कडे ५००° से. पर्यंत तापले म्हणजे २८ सेंमी. व्यासात सु. दीड मिमी. वाढ होते. टोपी मात्र थंड असते व ती एका अंगाने त्याला धरून ठेवते. परिणामी सपाट तबकडी बशीसारखी किंचित खोलगट होते. यास शंकुविकृती म्हणता येईल. पॅड मग एका कडेस अधिक झिजतात आणि स्पर्शाचे क्षेत्र अरुंद होऊन तेथील तापमान आणखी वाढते. टोपीची मान लांब व पातळ करणे, तिच्या मुळाशी खाच घेणे, हे नेहमीचे उपाय आहेत. महाग गाड्यांत टोपी ॲल्युमिनियमाची वेगळी करून घर्षण-कडे खुंट्यांवर सैल बसवितात, म्हणजे त्यास हवे तसे प्रसरण पावता येते.

द्रव्य व ओतकाम : उष्णतेच्या या भागासाठी शंभर वर्षांहून जुने करडे बीड अजून टिकून आहे. त्यातील कार्बन ग्रॅफाइटाच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे पापुद्रे उष्णता चांगली वाहून नेतात व कंपने जिरवितात. तबकडी किंचाळत नाही याचे श्रेय पुष्कळसे त्यांस आहे. त्याच पापुद्र्यांमुळे बीड ताणास कमजोर असते. पोलाद अधिक बळकट खरे, पण त्याची वाहकता कमी असल्याने पृष्ठभाग लवकर पोळतो. ॲल्युमिनियम बिडाच्या तिप्पट वेगाने उष्णता नेते, परंतु ६६०° से. ला वितळते व त्याच्या बरेच आधी मऊ पडते. शर्यतीच्या गाड्यांसाठी कार्बनाच्या तबकड्या वापरतात. ब्रॅबहॅम संघाने त्या १९७६ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतींत आणल्या. तेथील अलीकडच्या तबकड्यांच्या जाडीत कडेपासून आत जाणारी हजाराहून अधिक बारीक छिद्रे पाडलेली असतात.

पोकळी निर्माण होते ती साच्यात वाळूचा गाभा ठेवून. गाभा एखादा मिमी. जरी सरकला, तरी एक चकती जाड व दुसरी पातळ होते. पातळ चकती अधिक तापते, तबकडी वाकडी प्रसरण पावते आणि वेगात चाक थरथरते. कोल्हापूर परिसरातील ओतशाळांत वाहनांचे बिडाचे भाग मोठ्या प्रमाणावर ओतले जातात. तेथे काय किंवा अन्यत्र काय, बाहेरून गुळगुळीत कातलेल्या तबकडीची प्रत तिच्या न दिसणाऱ्या पोकळीवरून ठरते. स्वस्तातील बदली तबकडी घेताना चकत्यांची जाडी कडेने सर्वत्र मापून पाहणे हिताचे असते.

बिघाड : तापलेले घर्षण-पृष्ठ प्रसरण पावू पाहते व थंड अंतर्भाग त्यास अडवितो; पृष्ठ दाबाखाली किंचित कायमचे आखडते व थंड झाल्यावर ताणात येते. असे हजारो वेळा झाले की केसासारख्या अरीय चिरा पडतात. कडेपर्यंत गेलेली चीर दिसल्यास तबकडी टाकून द्यावी. काही वेळा पृष्ठभागावर निळसर डाग दिसतात. तेथे धातू ठिकठिकाणी अतिशय तापून त्याची संरचना बदललेली व तो कठीण झालेला असतो. ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागले की ‘डिस्क वाकली’ असे निदान करण्यात येते, पण पुष्कळदा ती वाकलेली नसून तिच्या जाडीत जागोजागी मिमी. च्या शंभराव्या भागाएवढा फरक पडलेला असतो. चाकाचे नट कमीजास्त आवळल्याने, तसेच तबकडी व तुंबा यांच्या मध्ये गंज राहिल्याने तबकडी डगमगत फिरते आणि हा फरक हळूहळू घडत जातो.

घर्षण-पृष्ठावर आरपार छिद्रे पाडलेल्या तबकड्या हौशी चालकांत लोकप्रिय आहेत. पॅडांतून निघणारे वायू व पाणी यांना वाट मिळावी आणि वजन घटावे हा त्यांचा मूळ हेतू होता. छिद्रांमुळे हौदातील धातू कमी होतो व प्रत्येक छिद्राच्या कडेस चिरेचा आरंभ होण्यास जागा मिळते. सामान्य गाडीस त्यांची आवश्यकता नसते. त्यापेक्षा तबकडीस ताजी हवा मिळते की नाही हे पाहणे अधिक उपयुक्त होय. शोभेसाठी लावलेले बंद चाकटोप, फार कमी मोकळी जागा असलेले रिम, वाकून तबकडीच्या तोंडाशी आलेला धूळरोधक पत्रा यांपैकी कशानेही पंख्याचा श्वास कोंडतो. शर्यतीच्या गाडीत पुढील जाळीपासून वायुवाहिनी काढून हवा थेट पोकळीच्या तोंडाशी सोडतात.

पंखा फिरविण्यास शक्ती लागतेच. मोटारगाडीत ती किरकोळ असते. रेल्वेत मात्र आसावर बसविलेल्या अनेक मोठ्या वायुवीजित तबकड्या वेग वाढेल तशी वेगाच्या घनाच्या प्रमाणात शक्ती खातात, आणि गाडी थांबत नसतानाही खातात. भारतीय रेल्वेच्या एलएचबी डब्यांत आसावर बसविलेले तबकडी गतिरोधकच आहेत. अतिवेगवान गाड्यांच्या अभिकल्पात ही गळती मुद्दाम मोजावी लागते.

परीक्षण : नवी तबकडी प्रथम गणकावर प्रवाहाच्या समीकरणांनी तपासतात, मग जडत्वचक्र असलेल्या चाचणी-यंत्रावर फिरवून तिच्यात पुरलेल्या तपयुग्मांनी तापमान नोंदवितात. तरीही प्रत्यक्ष रस्त्यावरील चाचणीस पर्याय मिळालेला नाही, कारण रिम, टायर, गाडीचा तळ यांच्यामुळे बदलणारा हवेचा ओघ यंत्रावर हुबेहूब आणता येत नाही. ऑस्ट्रियातील ग्रोसग्लॉकनर हा १९३५ मध्ये खुला झालेला घाटरस्ता यूरोपातील निर्मात्यांचा अशा चाचण्यांसाठी ठरलेला आहे. भारतात १९६६ मध्ये पुणे येथे स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत वाहनांच्या गतिरोधकांची प्रमाणन चाचणी होते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत चलित्रच जनित्र बनून बरीचशी गतिज ऊर्जा विद्युत् घटमालेत परत साठविते. त्यामुळे तबकडीस काम कमी पडते, इतके की न वापरल्याने ती गंजते, फोक्सवॅगन आयडी. ३ या गाडीच्या मागील चाकांना झाकलेला ड्रम पुन्हा आला तो यामुळे. पुढील चाकांच्या वायुवीजित तबकड्या मात्र काढलेल्या नाहीत. घाटमाथ्यावर रात्रभर भारित करून पूर्ण भरलेली घटमाला उतरताना आणखी ऊर्जा घेऊ शकत नाही, आणि तेव्हा सगळा भार पुन्हा बिडाच्या तबकडीवर व तिच्या सहा मिमी. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या पंख्यावर येतो.